बैलगाडीला पाटे नसतात हो, टांग्याला असतात!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर लेख होता, चांगला होता, पण त्यात एक वाक्य असं की मागं पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) असलेली गाडी म्हणजे बैलगाडीचं तंत्र, ती ट्रॅकवर न्यायच्या लायकीची नसते. ते वाचून चहा गार झाला माझा. पहिली गोष्ट, बैलगाडीला पाटे नसतात. शर्यतीच्या छकड्याला तर नसतातच नसतात. पाटे टांग्याला असायचे, मिरज स्टेशनातनं टांग्यानं घरी गेलेल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा.

दुसरी गोष्ट, ट्रॅकची. एमजीबी ही इंग्लंडची मागं पाटेवाली स्पोर्ट्स कार 1963, 64 आणि 65 अशी तीन वर्षं फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत पळाली आणि तिन्ही वेळा शेवटपर्यंत पोचली, 65 ला तर एकूणात अकरावी आली. अमेरिकेतल्या कॉर्व्हेट ह्या स्पोर्ट्स कारला मागं 1963 पासून थेट 2019 पर्यंत आडवा पाटा होता, आधी स्टीलचा, पुढं फायबरचा, कॉइल स्प्रिंग आली 2020 च्या मॉडेलला. आता ही काय बैलगाडी झाली का?

मी कुपवाड एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप चालवतो. कोल्हापूरच्या एका दोस्ताकडं एमजीबी आहे, 1975 ची, काळ्या रबरी बंपरवाली. हा पठ्ठ्या ती ट्रेलरवर टाकून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेतो. त्याची तक्रार अशी की डावीकडं वळताना गाडीचं नाक बाहेर जातंय, उजवीकडं वळताना शेपूट फिरतंय, आणि वळणातनं बाहेर पडताना रेस दिली की मागनं धडधडधड. आधी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजला दाखवलेली, त्यांनी सगळीकडं रबराऐवजी कडक पॉलीचे (कडक प्लॅस्टिकसारखे) बुश, म्हणजे जोडातल्या नळ्या, घातले, भरपूर बिल केलं आणि सांगितलं की पाट्याची गाडी अशीच चालणार, सवय करून घ्या.

आम्ही पहिलं काम केलं ते वजनाचं. चार चाकाखाली चार काटे पाहिजेत, रेसिंगवाल्यांकडं त्याचे खास काटे असतात, आपण कुठनं आणणार. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याकडनं चार प्लॅटफॉर्म काटे आणले, फरशीवर पाण्याच्या लेव्हलनं एका पातळीत मांडले, ड्रायव्हरच्या सीटवर हळदीचं एक पोतं आणि त्यावर वीस किलोचं वजन ठेवलं म्हणजे दोस्ताइतकं झालं, आणि गाडी वर चढवली. तिरक्या जोडीची बेरीज करायची, पुढचं उजवं अधिक मागचं डावं एकीकडं, उरलेली दोन दुसरीकडं. निम्मं-निम्मं यायला पाहिजे. आमचं आलं 53 आणि 47. डावीकडं एक आणि उजवीकडं भलतंच, त्याचं कारण हे. पाटे उतरवून फरशीवर उपडे ठेवले, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (डोळा म्हणजे पाट्याच्या टोकाचं गोल भोक) दोरी ताणली, तर उजव्या पाट्याची कमान डाव्यापेक्षा 12 एमएमनं कमी, म्हणजे पाटा बसलेला.

इथं मिरज रोडच्या चाचांचं नाव घेतलं पाहिजे, पण ते म्हणाले पेपरात नाव नको. चाळीस वर्षं ट्रकचे आणि ट्रॉलीचे पाटे मारतायत. त्यांनी पाटा भट्टीत घातलाच नाही, थंड्यानंच ऐरणीवर हातोड्यानं कमान परत काढली, दर चार ठोक्याला डाव्याच्या शेजारी ठेवून बघायचे, आणि ते बघणं असं की माझा व्हर्नियर खिशातच राहिला. म्हणाले लाल करून पाण्यात बुडवला की ठिसूळ होतो, तेलात विझवून परत मंद तापवायला पाहिजे आणि तेवढा दम आजकाल कुणाला नाही. मी आपलं डोकं चालवलं, म्हटलं कडक पाहिजे तर मेन पाटा 5 ऐवजी 6 एमएमचा घालू, एका एमएमनं काय होतंय. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, 5 चा 6 केला की तो पाटा जवळजवळ पावणेदोन पट कडक. पिकअपवाले एक एक पाटा वाढवत जातात आणि मग रिकामी गाडी ससा झाल्यासारखी का उडते, ते ह्यानंच.

मग पाट्यांमधलं घासणं. पाटे एकमेकांवर घासतात, ते घासणं शॉकअपचं थोडं काम फुकटात करतं खरं, पण छोट्या खड्ड्याला पाटा चिकटून बसतो, हलतच नाही, नुसतं टायर उड्या मारतं, आणि तुम्ही शॉकअप कितीही सेट करा, कळतच नाही काय बदललं ते. आम्ही प्रत्येक पाट्याच्या टोकाची धार ग्राइंडरनं गोल केली, गंज काढला आणि मधे टेफ्लॉनच्या पट्ट्या घातल्या. ग्रीस नाही घातलं, ट्रॅकवरची बारीक वाळू त्यात बसून पॉलिश पेपर होतो.

आता त्या कडक बुशांचं. गाडी कलते तेव्हा पाटा पीळ खातो, दोन्ही टोकं कडक बुशात पकडली तर तो पीळ जाणार कुठं. म्हणून पुढच्या डोळ्याला कडक राहू दिलं, कारण हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला ॲक्सल) पुढं-मागं सरकू न देणं हे त्याचं काम, आणि मागं शॅकलला (पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या हलत्या कडीला) साधं रबर परत घातलं. आणि रबराचा बोल्ट गाडी जॅकवर असताना कधी आवळू नका! चाकं जमिनीवर, सीटवर वजन, मग आवळायचं. लटकत्या गाडीला आवळला की रबर जमिनीवर आल्यावर पीळ खाऊनच बसतं, गाडी एका बाजूला उचललेली राहते आणि बुश लवकर फाटतं.

रबरी बंपरवाल्या एमजीबीची एक जन्मखोड आहे. 1974 च्या अखेरीस अमेरिकेतल्या बंपरच्या नियमासाठी कंपनीनं गाडी इंचभर उचलली. आता उचलल्यानं काय होतंय बघा, पाट्याचा पुढचा डोळा हाउसिंगच्या सेंटरपेक्षा जितका वर, तितकं वळणात बाहेरचं चाक मागं सरकतं आणि आतलं पुढं, म्हणजे स्टिअरिंग न फिरवता मागचं अख्खं हाउसिंगच वळतं आणि शेपूट बाहेर टाकतं. आपल्याकडं हौसेनं मागनं उचललेल्या जीपांचं घाटात तेच होतं. आम्ही पाटा आणि हाउसिंगच्या मधे इंचाचा ब्लॉक टाकून मागनं गाडी खाली घेतली, पुढं त्या हिशोबात कॉइल आखूड घातली, शॅकलचा कोन आहे तसा राहिला. यू-बोल्ट नवे घेतले, जुने ताणलेले असतात ते परत वापरायचे नाहीत, आणि शंभर किलोमीटर झाल्यावर परत आवळले, पाव आटा फिरला म्हणजे किती गरज होती बघा.

राहिली धडधड. रेस दिली की हाउसिंगचं नाक वर उठतं, पाटा इंग्रजी एस सारखा वाकतो, सुटतो, परत वाकतो, टायर तेवढ्या वेळा जमीन सोडतं. 1965 च्या शेल्बी मस्टँगला ह्यासाठीच ट्रॅक्शन बार, म्हणजे हाउसिंगचं नाक उठू न देणाऱ्या दांड्या, लावलेले. आम्ही पाइपचे दोन बार आणि हाउसिंग आडवं सरकू नये म्हणून एक लांब पॅनहार्ड रॉड इथंच कुपवाडात बनवला. पॅनहार्ड जितका लांब तितका बरा आणि गाडी उभी असताना आडवा, सरळ पाहिजे, आमचा पहिला आखूड झाला तो परत केला, दोन दिवस गेले. हे सगळं ट्रॅकच्या गाडीला हं, रस्त्यावरच्या गाडीला असले उद्योग केले तर आरटीओ पासिंगला तुमचं तुम्ही बघा.

काटे परत मांडले तर 50.5 आलं. पुढच्या ट्रॅक डेला दोस्ताचा फोन आला, धडधड गेली, दोन्हीकडं सारखी वळते, फक्त ब्रेक जोरात मारला की मागचं डावं चाक अजून जरा लॉक होतंय. ते काम चालू आहे, पण त्यात पाट्याचा दोष नाही, ब्रेकचा सिलिंडर गळतोय.

आपल्या लेखकांना म्हणावं पुढच्या वेळी पाट्यावर लिहायचं असेल तर एक दिवस मिरज रोडला या, चहा माझ्याकडनं.

आपला नेहमीचा वाचक,
कुपवाड, जि. सांगली

ता.क. सोबत गाडीचा फोटो पाठवतोय. छापलात तर सीटवर जे पिवळं दिसतंय तो गंज नाही, हळद आहे, दोस्त अजून त्यावरनं शिव्या घालतोय.