सही माझीच निघाली

संपादकांना नमस्कार,

तुमच्या पेपरात अमेरिकेच्या व्हिसाबद्दल, ग्रीन कार्डबद्दल बरंच येतं, पण सगळं जाणाऱ्याच्या बाजूने. कागद कुठले लागतात, इंटरव्ह्यूत काय विचारतात वगैरे. ज्याच्या नावावर माणूस जातो त्याच्याबद्दल कधी काही वाचलं नाही, आणि त्या दोघांचं बोलणंच बंद असेल तर काय, हे तर नाहीच नाही. म्हणून लिहितोय. नाव छापू नका, नातेवाईक पेपर वाचतात.

मी बरीच वर्षं अमेरिकेत आहे, तिथला सिटिझन आहे. धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला आहे. कारण घर आणि वडिलांची एक सही, त्यात आता जात नाही. तर मध्ये आत्याचा फोन आला, इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, "बरं केलंस रे, काही झालं तरी भाऊच तो. येतील म्हणे आता तुझ्याकडे, तू स्पॉन्सर केलंयस ना." मी नुसतं हो हो केलं आणि फोन ठेवला. मी काहीही केलं नव्हतं, म्हणजे तेव्हा मला तसंच वाटत होतं.

भावाने माझ्या नावाने खोटे कागद भरले असावेत असंच वाटलं, आणि पहिली आठवली ती फाइल. २००९ मध्ये आईबाबांचं ग्रीन कार्ड केलं तेव्हा मुंबईच्या इंटरव्ह्यूला त्यांच्यासोबत भाऊच गेला होता, मी त्याला सगळं कुरियर केलं होतं. नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची कॉपी, पासपोर्टची कॉपी, टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा, सही केलेला आय-८६४, आणि रिटर्नवर माझा सोशल सिक्युरिटी नंबर छापलेला. ती फाइल परत मागायची असते हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येतं? बाहेरच्या चोराला एवढं जमवायला घाम फुटला असता. भावाला तर माझी जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, माझी सही कशी असते, काहीच शोधावं लागत नाही.

आय-८६४ म्हणजे काय ते सांगतो, कारण बरेच लोक त्याला नुसतं शिफारसपत्र समजतात. १९९६ च्या कायद्यानंतर तो सरकारशी केलेला करार झाला. येणाऱ्यांना धरून जेवढी माणसं होतील त्यांच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न आपलं आहे असं आपण लिहून देतो, उद्या त्या माणसाने ठरावीक सरकारी मदत घेतली तर सरकार ती आपल्याकडून वसूल करू शकतं, आणि तो माणूस स्वतःसुद्धा आपल्यावर केस करू शकतो. हे कधी सुटतं, तर तो सिटिझन झाला, किंवा त्याच्या खात्यावर कामाचे ४० क्वार्टर म्हणजे साधारण १० वर्षं जमली, किंवा ग्रीन कार्ड सोडून देश सोडला, किंवा दोघांपैकी एक वारला. भांडण झालं म्हणून सुटत नाही. नवराबायकोत तर घटस्फोट झाला तरी सुटत नाही. आणि फॉर्मला नोटरीसुद्धा लागत नाही, नुसती सही, खोटं असेल तर शपथभंगाचा गुन्हा, बस.

मग मी घाबरून जे दिसेल ते केलं. तिन्ही क्रेडिट ब्युरोकडे फ्रीज लावला (फुकट असतो), टॅक्स खात्याकडून सहा आकडी पिन घेतला. वाईट काहीच नाही, सगळ्यांनी करावं, पण त्याने माझ्या नावावर कर्ज किंवा खोटा रिटर्न अडतो, इमिग्रेशनचा अर्ज नाही. भावाला फोन करून शिव्या घालायचंही ठरवलं होतं. बायको म्हणाली, आधी बघ तरी इमिग्रेशनच्या फाइलीत काय आहे.

ते बघता येतं हे फार जणांना माहीत नसतं. इमिग्रेशन खात्याकडे माहिती अधिकारात, तिथे त्याला फोया म्हणतात, ऑनलाइन अर्ज करून आपल्या नावाची फाइल मागवता येते. वेळ लागतो. मला शेवटी पीडीएफ आली आणि त्यात एक आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला ग्रीन कार्डवर बोलावण्याचा अर्ज होता, भावाच्या नावाचा, २००७ चा, आणि खाली अक्षर माझं. पेनाने भरलेला, एका रकान्यात खाडाखोड करून पुन्हा लिहिलेलं.

आठवलं मग. नुकताच सिटिझन झालो होतो आणि आई म्हणाली होती, रांगेत नाव तर लावून ठेव. भावंडांची रांग एवढी लांब की २०२५ मध्ये भारतासाठी २००६ चे अर्ज हलत होते. म्हणजे आमचं भांडण त्या रांगेपेक्षा कितीतरी लहान आहे. अर्ज आपण मागे घेईपर्यंत तसाच जिवंत राहतो, त्याला आमच्या अबोल्याचं काय पडलंय.

म्हणजे फसवणूक नव्हती. पण भीती पूर्ण खोटीही नव्हती, कारण नंबर लागला की आता माझा नवा आय-८६४ लागणार, दुसरा कोणी जॉइंट स्पॉन्सर उभा केला तरी अर्जदार म्हणून माझा लागतोच. आणि माझ्या जुन्या सहीचा नमुना कोणाकडे आहे ते सांगितलंच. वर त्या केसला संपर्काचा ईमेल भावाचा होता, तोच पाठपुरावा करेल म्हणून मीच कधीतरी दिलेला. करेल असं अजून मला वाटत नाही, पण मोह कोणाला कधी होईल.

जाता जाता, कोणी टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात, म्हणजे डीएस-१६० मध्ये, अमेरिकेतला भाऊ म्हणून तुमचं नाव लिहिलं तर झोप उडवून घेऊ नका. तिथे नातेवाईक विचारतातच, खरं लिहावंच लागतं, आणि नुसत्या नावाने तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

आता माझा प्रश्न. अर्ज मागे घेता येतो, एक सहीचं पत्र पुरतं. पण एकदा घेतला की १८ वर्षं गेली, पुन्हा भरला तर रांगेच्या शेपटाला. पुतणी १९ ची आहे, २१ ओलांडली की मुलं साधारण बापाच्या अर्जातून बाहेर पडतात (अर्ज मंजूर व्हायला गेलेला काळ वयातून वजा होतो, तेवढाच दिलासा). तिने माझं काय वाकडं केलंय? लहानपणी माझ्याच खांद्यावर बसून फिरायची. तर पत्र लिहिलेलं नाही. केसवरचा ईमेल आणि पत्ता बदलून माझा केला, म्हणजे कागद आधी माझ्याकडे येईल, आणि सही करायची की नाही ते तेव्हा मी ठरवेन, दुसरं कोणी नाही.

एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडून या बाजूनेही एकदा लिहून घ्या. आणि ज्यांनी आईबाबांच्या वेळी घरी अशी फाइल पाठवली असेल त्यांनी ती कुठे आहे ते विचारा, संबंध चांगले आहेत तोवर.

आपला,
एक वाचक

ता. क. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. तिचा पुन्हा फोन येऊन गेला, मी उचलला नाही.