तळघरातला वेल

अनोका, मिनेसोटा
१८ जानेवारी २०२६

प्रिय विलास,

बाहेर उणे चोवीस आहे. मी तळघरात गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलाशेजारी खुर्ची टाकून तुला लिहितोय. वेल हिरवागार आहे, दिव्याखाली रोज बोटभर वाढतो. तुला एक महत्त्वाचं विचारायचंय, पण आधी सगळी हकीकत सांगावी लागेल.

सप्टेंबरच्या सहा तारखेला वजनाच्या स्पर्धेसाठी वाढवलेलं माझं फळ फुटलं, हे फोनवर बोललो होतो. नीट सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा सांगवत नव्हतं. इथे फळ शेतात असताना टेपने तीन मापं घेतात: घेर, डोक्यावरून आडवं आणि डोक्यावरून उभं. तिन्हींची बेरीज तक्त्यात बघितली की वजनाचा अंदाज येतो. माझं १,४२० पौंडांवर आलं होतं, म्हणजे साडेसहा क्विंटलला थोडंच कमी. ऑगस्टात ते दिवसाला पंधरा-सोळा किलो चढत होतं. चार वर्षांच्या खटपटीत एवढं मोठं फळ पहिल्यांदाच धरलं होतं. मग दोन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी चादर बाजूला केली तर देठाजवळ वीतभर भेग. करंगळी आत घातली, ती सरळ पोकळीत गेली. आतून गार हवा लागली आणि काकडी चिरल्यासारखा वास आला. भेग पोकळीपर्यंत गेली की फळ स्पर्धेतून बाद. मी तिथेच मातीत बसून राहिलो.

बी निघालं, भरपूर निघालं. पण बी म्हणजे ते झाड नव्हे रे. इथे बियांनाही तुमच्याकडच्या खिल्लारासारखी वंशावळ असते. ज्या फळातून बी काढलं त्याचं वजन आणि पिकवणाऱ्याचं आडनाव, हेच त्याचं नाव. ‘२१४५ मॅकमलेन’ म्हणजे २,१४५ पौंडांच्या फळाचं बी. २०१५ सालच्या त्या एका फळाची लेकरं-नातवंडं नंतर कित्येक वर्षं स्पर्धा जिंकत राहिली. या सगळ्यांचं मूळ कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याकडे जातं. त्यांनी वर्षानुवर्षं निवड करून ‘अटलांटिक जायंट’ ही जात तयार केली आणि १९७९ ते १९८२ सलग चार वर्षं अव्वल राहिले. पण एकाच फळातली दहा बियाणं लावलीस तर दहा वेगळी झाडं मिळतील. एखादं बापावर, एखादं आजीवर, आणि बाकीची कुणावरच नाही.

म्हणून त्याच संध्याकाळी मी वेलाच्या बाजूच्या फांद्यांचे सहा शेंडे कापले. फळ गेलं होतं, पण झाड अजून जोमात होतं. पेराच्या बोटभर खाली तिरका काप दिला, मोठी पानं उतरवली, एक कोवळं पान ठेवलं, कळ्या आणि तणावे खुडले, आणि पेर ओल्या कोकोपीटमध्ये दाबून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. नवव्या दिवशी एक हलकेच उचकून बघितला. पेरातून पांढरी मुळं फुटली होती, शेवयांसारखी. मला तेव्हा किती आनंद झाला, ते तुला सांगायला नको.

इथले लोक याला क्लोन म्हणतात. तुझ्या ग्रँड नैन जातीच्या केळीबागेत उभी आहे तीच गोष्ट, एका मातेची हजारो लेकरं, सगळी तीच. फरक एवढाच की केळ तसंही मुनव्यावरच, बुडातून फुटणाऱ्या कोंबावरच चालतं आणि भोपळा दरवर्षी मरतो. माझं मूळ झाडही ऑक्टोबरच्या पहिल्या कडाक्याला एका रात्रीत काळं पडलं. हे मात्र जिवंत आहे. तीन-साडेतीन आठवड्यांनी वेल दिव्याला टेकतो, मग शेंडा कापून पुन्हा रुजवायचा आणि जुना टाकून द्यायचा. मे महिन्यात जमिनीत जाईल तेव्हा कित्येक वेळा नव्याने रुजलेला असेल. सहांपैकी तीन तगले.

आता तू म्हणशील, एवढा आटापिटा कशाला, चांगलं बी विकत घे. विलास, मला कळून घ्यायचंय की ते फळ का फुटलं. दोष झाडाच्या जातीत होता की माझ्या पाण्यात? नवं बी लावलं तर झाडही बदलतं आणि हंगामही, मग कधीच कळणार नाही. तेच झाड दोन ठिकाणी लावलं, एकावर पावसाळी छप्पर घातलं आणि पाणी मोजून दिलं, एक गेल्या वर्षीसारखंच ठेवलं, तर उत्तर मिळेल. मोठं फळ आणायचंच आहे, पण त्याआधी मला हे हवंय.

क्लोनला सोटमूळ नसतं, हे खरं. पण या वेलाला पेरापेराशी मुळं सुटतात आणि आम्ही वेल मातीत गाडतच पुढे नेतो, त्यामुळे तेवढ्याने अडत नाही. एका झाडावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची, सगळी साखर त्या एका देठातून जाऊ द्यायची. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या जातीच्या वेलांचे काप तपासले. साखर वाहून नेणाऱ्या नळ्या इतर भोपळ्यांपेक्षा वेगळ्या रचनेच्या नव्हत्या, फक्त खूप जास्त होत्या. पाट तोच, चाऱ्या वाढवलेल्या. डिल यांनी फक्त मोठी फळं निवडली होती, आणि नकळत या चाऱ्या निवडल्या गेल्या. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

आमच्या अनोकाच्याच ट्रॅव्हिस गिएंगर यांनी २०२३ साली २,७४९ पौंडांचं फळ ट्रेलरवर घालून कॅलिफोर्नियात हाफ मून बेला नेलं आणि जागतिक विक्रम केला. गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या पॅटन या जुळ्या भावांनी तो मोडला, २,८१९ पौंड. पावणेतेरा क्विंटल! लहानपणापासून भोपळ्यांच्या मागे लागलेली माणसं आहेत ती.

आता विचारायचं ते. परवा तिसऱ्या रोपाचं नवं पान उलगडलं ते अरुंद होतं, कडा वळलेल्या, फिक्या आणि गडद हिरव्या चट्ट्यांची नक्षी, मध्ये फोड आल्यासारखा फुगवटा. मला एकदम तुझी रावेरची बाग आठवली. केळीवर हरण्या हा व्हायरसचा रोग आला तेव्हा तू लहान रोपं उपटून बांधावर न टाकता खड्ड्यात पुरली होतीस, आणि शेजाऱ्याला समजावून त्याची काकडी आणि गिलकी काढायला लावली होतीस. मला तेव्हा ते जास्तीचं वाटलं होतं. केळीचा आणि काकडीचा व्हायरस एकच, हे तू तेव्हा मला सांगितलंस, आणि आज मी त्याच काकडीच्या भावकीला सांभाळत बसलोय.

तुझी टिश्यूची, प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं येतात ती मातृझाड तपासून. माझ्या तळघरात तशी चाळणी नाही. शेंडा कापला की झाडाचे गुण येतात तसा रोगही येतो, आणि सहाही शेंडे मी एकाच ब्लेडने, एका मागोमाग एक कापले होते. ते रोप मी रात्रीच पिशवीत घालून बाहेर टाकलं. हा व्हायरस पसरवणारा मावा कुठे दिसत नाही. उरलेली दोन रोपं वरून स्वच्छ आहेत. त्यांची पानं तपासायला दिलीत, निकाल अजून यायचाय. दोष निघाला तर दोन्ही टाकणार, तेवढं मन घट्ट केलंय. फ्रिजमध्ये त्याच फळाचं बी आहे, एप्रिलमध्ये ते भिजत घालीन.

पण निकाल येईपर्यंत वेल थांबणार नाहीत, गुरुवारी दोन्ही कापावे लागतील. तू तेव्हा एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कोयता कशात बुडवत होतास, आणि किती वेळ? लगेच कळव. वहिनींना नमस्कार, आणि काकांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझा,
प्रकाश