खुनी कोण ते कळलं, गेली ती कोण होती?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले दोन-तीन आठवडे तुमच्या वाचकांच्या पत्रांत 'देवमाणूस' या, गावात खोटा डॉक्टर बनून बायकांचे खून करणाऱ्याच्या, मालिकेवरून जी जुंपलीय ती मी रोज वाचतेय. एका वाचकांनी लिहिलं की खुनी कोण हे सुरुवातीलाच दाखवून टाकलं, मग रहस्य उरलंच काय. एका ताईंनी लिहिलं की असल्या काळ्याकुट्ट मालिका जेवणाच्या ताटावर बसून बघायच्या का, पोरं काय शिकणार यातून. आणि एका दादांनी सगळ्यांनाच सुनावलं की आवडत नसेल तर रिमोट हातात आहे, चॅनल बदला. तिघांचंही मी दोन-दोनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी वाटलं की मुद्दा बाजूलाच राहतोय, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर कापा पण शेवट तेवढा ठेवा ही विनंती.

मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. ही मालिका झी मराठीवर ३१ ऑगस्ट २०२० ला सुरू झाली, रात्री साडेदहाला. तो काळ आठवा. कोरोना अगदी भरात होता आणि पंधरा दिवसांत 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, आम्ही आणि आशाताई दारोदार ताप मोजत आणि ऑक्सिमीटर लावत फिरत होतो. संध्याकाळी घरी आलं की आधी बाहेरच्या मोरीत आंघोळ, मग जेवण, आणि साडेदहाला सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या असायच्या त्यांच्याजवळ मीही टेकायचे. दिवसभर डॉक्टर, औषध, सुई हेच आणि रात्री परत टीव्हीवर डॉक्टर, तोही असला. तरी एकही भाग चुकवायचे नाही, कारण बोली आमची, घरं आमच्यासारखी आणि त्यातल्या सरू आजी तर वाटायचं आमच्याच आळीतल्या, तसल्याच म्हणी आणि तसलंच तोंड.

त्याच दिवसांतली गोष्ट. एका वस्तीवर एक आजी ऑक्सिमीटरला बोट पुढे करेनात. मी म्हटलं आजी काही होत नाही, चिमट्यासारखं असतं, तर म्हणाल्या, "ह्ये लावल्यावर मानूस मरत न्हाय न्हवं?" मी हसले तर त्या अजूनच मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "त्यो टीव्हीतला डाक्टर बी आदी आसाच हासतोय." नातसून ओशाळली, आजीला गप बसा म्हणायला लागली, पण आजी अगदी मनापासून विचारत होत्या. मग मी ते आधी माझ्या बोटाला लावलं, ९७ आलं ते त्यांना दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी बोट दिलं. त्यांचं ९६ भरलं. परत येताना आमची आशाताई म्हणाली की या मालिकेनं आपलं काम अवघड केलं. मला मात्र त्या दिवशी वेगळंच वाटलं. एवढी वर्षं मी गावोगाव सांगत आले की बाई गं, जो सुई देतोय त्याला विचार कसली देतोयस, ते कुणी ऐकलं नव्हतं आणि या आजी विचारत होत्या.

म्हणून पहिल्या वाचकांना माझं सांगणं आहे. खुनी आधीच दाखवला म्हणून रहस्य संपत नाही हो. खरी भीती तिथूनच सुरू होते. तो कंपाउंडर देवीसिंग, डॉक्टर अजितकुमार देव होऊन गावात बसलाय, गोड बोलतोय, हाकेला धावतोय, आपल्याला सगळं माहितीय आणि पडद्यावरची बाई त्याला म्हणतेय बसा डॉक्टर, चहा ठेवते. आपला जीव वरखाली होतो तो या चहासाठी. खुनी कोण याचं उत्तर एकदा मिळालं की विषय मिटतो, पण गावाला हे दिसत का नाही याचं उत्तर शोधत आपण झोपायला जातो आणि पडल्या पडल्या आपल्या गावातली माणसं आठवायला लागतात. मालिकेचे सुरुवातीचे महिने मला त्यासाठी आवडले आणि मी ते कुणाशीही भांडून सांगेन. किरण गायकवाडनं जे केलं ते सोपं नाही, 'लागिरं झालं जी'मधला भैय्यासाहेब लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला असताना त्यानं हा दुसरा माणूस उभा केला, आवाज न चढवता, नुसत्या नजरेवर.

आता गावाला दिसत का नाही म्हणाल तर माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत एका गावात असाच एक जण बसायचा. गावाचं नाव लिहीत नाही आणि त्याचंही नाही. दहा बाय बाराची खोली, मधोमध पडदा, भिंतीला खिळा आणि खिळ्याला सलाईन. त्या बाटलीत तो व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडायचा, त्यानं सलाईन पिवळं होतं, आणि अख्ख्या गावात त्या पिवळ्या बाटलीचा बोलबाला. अशक्तपणा आला की लोक म्हणायचे पिवळी लावून येतो. बोर्डावर नावापुढे चार-पाच अक्षरं होती, ती कशाची ते कुणी विचारलं नाही. तो उधार द्यायचा, उसाचं बिल आलं की पैसे घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे रात्री दोन वाजता दार वाजवलं तरी उठायचा. आमचं पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, अकरा किलोमीटरवर. कागदावर तीस हजार लोकांमागे एक पीएचसी आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, पण रात्री पोराला आकडी आली तर बाप कागद बघणार का? तो पिवळ्या बाटलीवाल्याकडेच पळणार. मी त्या बापाला कधी दोष दिला नाही.

एकदा एका बाईला त्यानं कमरेवर सुई दिली, तिथे गळू होऊन एवढा पू झाला की तिला जिल्ह्याला न्यावं लागलं. मी तक्रार केली. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. टीम आली तर खोलीला कुलूप. तीन महिन्यांनी तो दुसऱ्या तालुक्यात बसला असं कानावर आलं. आणि गाव माझ्याशी बोलेना. लसीकरणाच्या दिवशी व्हॅक्सिन कॅरिअर घेऊन मी समाजमंदिरात बसलेली आणि अकरा वाजेपर्यंत एक पोर आलं नाही. एक जण तोंडावर म्हणाला, बाई तुमच्यामुळं आमचा डॉक्टर गेला. जिला गळू झालं होतं तिचा नवरा होता तो. त्यामुळे मालिकेत गाव देवीसिंगच्या बाजूनं बोलायचं तेव्हा लोक म्हणायचे काहीतरीच दाखवतात, एवढी माणसं आंधळी असतात का, मला ते शब्दन्‌शब्द खरं वाटायचं.

काळ्याकुट्ट मालिकेबद्दल लिहिणाऱ्या ताईंना सांगायचंय की ताई, तुमची काळजी मला कळते, घरात माझीही नातवंडं आहेत आणि ती जागी असताना मीही लावत नव्हते. पण हा काळोख लेखकानं हवेतून आणलेला नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईजवळ धोमला फार्महाऊसवर खोदकाम झालं आणि मृतदेह निघाले तेव्हाचे पेपर आठवा. पोलिसांचं म्हणणं होतं की २००३ पासून सहा खून झाले. तेरा वर्षं! कृष्णामाई, धरण, मेणवलीचा घाट, सुट्टीत लोक फिरायला येतात तो भाग आणि तिथे हे. आरोपी डॉक्टर म्हणवून घेणारा. भूल देताना वापरतात त्या औषधाचं नाव पेपरात आलं, त्या दिवशी आमच्या पीएचसीतल्या सगळ्या सिस्टर औषधांचं कपाट उघडून नुसत्या उभ्या होत्या, आमच्याकडे ते औषध नव्हतं तरीसुद्धा. आणि हे सगळं उघडकीला आलं ते एका बेपत्ता अंगणवाडीताईच्या शोधातून. आमच्यातलीच बाई. आम्ही गावात जातो तेव्हा पहिलं पाऊल अंगणवाडीतच पडतं, वजनकाटा त्यांचा, रजिस्टर आमचं, डबा दोघींचा. ती बातमी वाचून मला दोन दिवस घास गेला नव्हता. मालिका या प्रकरणावरून सुचली असं सगळेच म्हणत आलेत.

आणि मालिकेवर माझा राग आहे तो इथेच. पुढे पुढे ती सगळी त्याची झाली. तो आता कसा निसटणार, पोलीसबाई दिव्या सिंग त्याला कशी पकडणार, परत कसा निसटणार, गावातल्या डिंपलला कळूनही ती त्याच्याच बाजूनं कशी. जवळजवळ रोजचा भाग, वर्षभर, १५ ऑगस्ट २०२१ पर्यंत, मग ओढाताण होणारच. बायका येत राहिल्या, मरत राहिल्या, आणि मेलेली बाई पुढच्या आठवड्यात कुणाच्या तोंडी नाही. सासूबाई एकदा जाहिरात लागल्यावर म्हणाल्या, "आगं पर तिच्या घरी आता चूल कोन पेटवतंय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते मालिकेत नव्हतंच. नंतर मालिकेचा दुसरा भाग आला, मग २०२५ च्या जूनमध्ये 'मधला अध्याय' आला, त्यात तो टेलर, आणि लोकांची चर्चा काय तर या वेळी किती जणी आणि कशानं मारणार. कट्ट्यावरची पोरं त्याचे डायलॉग म्हणतात. त्यानं मारलेल्या एका बाईचं नाव विचारा त्यांना, सांगता येणार नाही.

रिमोटवाले दादा, म्हणून मी चॅनल बदलत नाही आणि बदलणार नाही. ज्या मालिकेनं त्या आजीला प्रश्न विचारायला लावला ती मला चांगलीच व्हायला हवीय. खुनाची गोष्ट सांगायची तर ज्याचा खून झाला तो माणूस आधी आपल्याला माहिती पाहिजे, त्याच्या जाण्यानं घरात पडलेला खड्डा दिसला पाहिजे, तो दिसला की मग कितीही काळोख दाखवा, बघणारा सहन करतो. लिहिणाऱ्यांकडून पुढच्या भागात माझी एवढीच अपेक्षा आहे. गेलेल्या एका बाईच्या घरात चार भाग तरी थांबा. नवरा पोलीस ठाण्यात जातो, तिथे त्याला विचारतात भांडण झालं होतं का, शेजारीण म्हणते गेली असंल कुणाबरोबर, पोरगी आईची साडी उशाला घेऊन झोपते, हे दाखवा. ते बघायला प्रेक्षक थांबतात की नाही ते एकदा बघाच.

शेजारणीचं ते वाक्य मी मालिकेतून घेतलेलं नाही. बाई दिसेनाशी झाली की आपल्याकडे पहिलं हेच बोलतात आणि ते ऐकून मीही गप्प बसलेय. आमच्या रजिस्टरला शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. गरोदर माता तपासणीला आली नाही, बाळाची आई लसीला आली नाही, घरी विचारलं तर म्हणतात बाहेरगावी गेलीय, की आम्ही तिथे 'स्थलां.' लिहायचो, म्हणजे स्थलांतरित, आणि पुढचं नाव घ्यायचो. ऊसतोडीची माणसं, माहेरी गेलेल्या, मुंबईला गेलेल्या, रोजच्या एवढ्या असायच्या की कुणाकुणाच्या मागे जाणार. २०१६ ची ती बातमी आली त्या आठवड्यात मी जुनी रजिस्टरं खाली काढली. ज्यांची पुढे कधीच परत नोंद झाली नाही अशी सात नावं निघाली, सातही नावांपुढे माझ्याच अक्षरात 'स्थलां.' लिहिलेलं. आशाताईंना घेऊन घरोघर विचारलं, फोन लावले. सहा जणी सापडल्या, कुणी मुंबईला, कुणी चाकणला, एक तर शेजारच्याच तालुक्यात माहेरी, सगळ्या सुखरूप. सातवीच्या घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले ते लोक केव्हाच गेले. मी रिटायर होईपर्यंत तिचा पत्ता लागला नाही. रजिस्टर जमा करताना मी 'स्थलां.' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'माहिती मिळाली नाही'.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. सातारा
(नाव-पत्ता तुमच्याकडे दिलाय, छापू नये.)