गाडीचोर पकडता, मग पार्ट घेणारा मोकळा का?

संपादक साहेब, नमस्कार.

चोरीच्या गाड्या पकडल्या की तुमच्या पेपरात एक ठरलेला फोटो येतो, ओळीने लावलेल्या बाईक आणि मागे उभे पोलीस. त्यातल्या गाड्या कधीतरी नीट बघा. स्प्लेंडर, ॲक्टिवा, पॅशन, मधे एखादी बुलेट. ॲको या इन्शुरन्स कंपनीच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये पण तेच होतं, टू व्हीलरमध्ये स्प्लेंडर एक नंबरला आणि कारमध्ये वॅगनआर, स्विफ्ट पुढे. लोकांना वाटतं चोराला भारीतली गाडी पाहिजे असते, पण त्याला पटकन खपणारी पाहिजे असते.

स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, प्रत्येक गावात तिचा मेकॅनिक आहे आणि पार्टला गिऱ्हाईक कायम तयार. जुन्या गाडीचं लॉक इतकं घासलेलं असतं की दुसरी कुठलीही चावी फिरते, नाहीतर हँडलला लाथ घालून लॉक तोडायचं, वायर जोडून डायरेक्ट करायची की झालं. नंतर गाडी खोलली की कसला पुरावा, नंबर चेसिसवर आणि इंजिनवर असतो, चाकावर न सायलेन्सरवर थोडाच असतो. मारुती इकोचे तर नुसते सायलेन्सरच कापून नेत होते, कारण आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा पार्ट) प्लॅटिनम, पॅलेडियम असे महाग धातू असतात. सरकारने जुन्या गाड्यांना पण एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायला लावली, लावली आम्ही पैसे भरून, पण गाडी सुटी झाल्यावर त्या प्लेटचं काय लोणचं घालायचं?

आणि यात मरतो कोण तर दूधवाला, वॉचमन, डिलिव्हरीवाला. जुन्या गाडीला तो फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स काढतो आणि त्यात चोरी कव्हरच होत नाही, एक रुपया मिळत नाही. ज्याचा फुल इन्शुरन्स आहे त्यालाही एफआयआर, दोन्ही चाव्या, मग पोलिसांची ए समरी (गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा रिपोर्ट), तोपर्यंत चपला झिजतात. (एक सांगतो, पोलिसात लगेच तक्रार दिली असेल तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, एजंट हे सांगत नाहीत.)

माझं म्हणणं एवढंच की चोर पकडून भागत नाही, तो जामिनावर सुटतो आणि परत तेच करतो कारण माल घेणारा दुकानात आरामात बसलेला असतो. मेरठच्या सोतीगंजमध्ये कित्येक वर्षं चोरीच्या गाड्या खोलून पार्ट विकायचे, सगळ्या देशाला माहीत होतं, २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या पोलिसांनी तो बाजारच बंद केला, मालमत्ता जप्त केल्या. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. कायदा तर आहेच, भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ज्याचा तो धंदाच आहे त्याला जन्मठेपेपर्यंत.

आपल्याकडे जुने पार्ट विकणाऱ्या आणि भंगारवाल्यांना कोणती गाडी खोलली, कोणाकडून घेतली, चेसिस नंबर काय याचं रजिस्टर ठेवायला लावा आणि पोलिसांनी ते न सांगता येऊन तपासावं. आणि पुढच्या वेळी तो फोटो छापाल तेव्हा खाली हे पण छापा की माल घेणारे किती पकडले.

– एक स्प्लेंडरवाला, हडपसर, पुणे