शंख-शिंपल्यांना सोनेरी रंग फासायला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत घर सजवायला शंख, शिंपले आणि जीवाश्म कसे जमवायचे यावर जो पानभर लेख आलाय तो वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही, आज सकाळी पोहे तसेच झाकून ठेवून आधी हे लिहायला बसले. एक तर त्यात म्हटलंय की इंदूरला समुद्र कुठला, म्हणून सगळं ऑनलाइन मागवा. अहो, इथून दीडेकशे किलोमीटरवर धार जिल्ह्यात बाघ आहे, लेण्यांमुळे ते सगळ्यांना माहीत, पण तिथल्या चुनखडीत समुद्राचे जीव आहेत, नऊएक कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र आत शिरला होता त्याचे. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोसांनी १८८४ मध्ये या खोऱ्यावर अहवाल लिहिला, त्यात तिथल्या एका थराला देवला आणि चिराखान या गावांचंच नाव दिलंय. हेच ते बोस ज्यांनी पुढे १९०४ मध्ये मयूरभंजच्या लोखंडाबद्दल जमशेटजी टाटांना पत्र लिहिलं. डायनासोरचं अंडं सापडलं की तुम्ही पहिल्या पानावर फोटो छापता आणि या समुद्राबद्दल एक ओळ नाही, हे मला खरंच लागतं.

पण मी लिहितेय ते त्या चौकटीसाठी. 'शंख आणि जीवाश्म रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा, वाळवा आणि सोनेरी स्प्रे मारा.' हे कोणी तपासलं होतं का छापण्याआधी? शिंपला काय आणि बाघची चुनखडी काय, दोन्ही चुनाच, आम्लात बुडवलं की फसफसून वरचा थर विरघळतो, बारीक नक्षी जाते. साधं पाणी आणि जुना टूथब्रश, बस, एवढंच करायचं असतं.

आणि सोनेरी रंगाचं तर माझ्यासमोर नावच काढू नका.

माझे नानाकाका रस्त्याच्या कामावर ओव्हरसिअर होते, सत्तरच्या दशकात मनावर-कुक्षीकडे त्यांची बरीच वर्षं गेली. रविवारी नाल्यात उतरायचे आणि दगड घेऊन यायचे. तेव्हा ते चालत होतं, आता तिथला काही भाग राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथून काही उचलू नये. त्यांच्याकडे अमोनाइट होते, वेटोळ्या कवचाचे जुने समुद्री जीव, म्हणजे आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम ज्या जातीचा त्याच जातीचे, अक्रोडाएवढे समुद्री साळिंदर होते ज्यांच्या पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल असतं, शार्कचे दोन दात होते, आणि तो लालसर दगड ज्याला पुस्तकात कोरलाइन म्हणतात, पण कोणी त्याला प्रवाळ म्हटलं की काका तिथल्या तिथे थांबवायचे, प्रवाळ नाही, ब्रायोझोआ म्हणा, वसाहत करून राहणारे ते वेगळेच बारीक जीव. प्रत्येक दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने नंबर, आणि वहीत त्या नंबरासमोर गाव, नाला, कितवा थर, तारीख. मला म्हणायचे, बेटा, दगड हरवला तर चालेल, वही हरवता कामा नये.

ते गेल्यावर आम्ही सगळं, एकशेचाळीसच्या आसपास नग आणि वही, शहरातल्या एका शाळेला दिलं. पत्र दिलं, पोचही घेतली. गेल्या वर्षी नातवाच्या गॅदरिंगला तिथे गेले तर स्टेजवर समुद्राचा देखावा, कागदाच्या लगद्याचा खडक, आणि त्यावर काहीतरी सोनेरी चमकत होतं. कार्यक्रम संपल्यावर जवळ जाऊन पाहिलं तर अमोनाइट, एम-सीलने चिकटवलेले. एकाचा रंग कडेने सोलला होता आणि खाली पांढऱ्या ठिपक्यावर ३७, काकांच्या अक्षरातला, तो सात ते नेहमी आडवी दांडी देऊन काढायचे. माझे पायच गळाले. शिपायाने बिचाऱ्याने स्क्रूड्रायव्हरने तो एक काढून दिला. वहीचं विचारलं तर बाई म्हणाल्या कपाट रिकामं करायचं होतं, दिवाळीच्या सफाईत रद्दीत गेली असेल. जीवाश्म असे ठेवतात का हो?

घरी येऊन नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन हळूहळू रंग पुसत बसले. रंग निघाला, वेलबुट्टीसारखी ती रेघ पुन्हा दिसायला लागली, मला इतका आनंद झाला, आणि दगड उलटा केला तर कापूस काळा. नंबर गेला होता. वही आधीच गेलेली, आता तो कुठल्या नाल्यातला, कुठल्या थरातला, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि तेवढंच तर त्याचं मोल होतं, नाहीतर दगड काय, बाजारात मिळतो. म्हणून तुमच्या लेखात सजावटीच्या आठ युक्त्या आणि चिठ्ठी लावा, कुठे मिळाला ते लिहा, हे एकदाही नाही, याचा मला इतका राग आलाय.

अजून एक. लेखातल्या फोटोत भिंतीवर जी काळ्या फांद्यांची फ्रेम आहे तिला लोक इंद्रजाल म्हणतात. ते झाडाचं मूळ वगैरे नाही, समुद्रातल्या जिवांची वसाहत आहे ती, काळं प्रवाळ नाहीतर समुद्रपंखा, आणि २००१ पासून दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. बाजूला ठेवलेला नॉटिलसचा शंखसुद्धा त्याच यादीतला. मला स्वतःला राजवाड्याकडच्या एका दुकानात 'भाभीजी, लगा लो, नजर नहीं लगेगी' म्हणत ही फ्रेम दाखवली होती, मी तिथेच बोलले होते. दुकानदाराला नसेल माहीत, पण पेपरला माहीत असायला हवं. खुलासा छापा, आणि तो लेखाएवढ्याच जागेत छापा, कोपऱ्यात नको.

मागचं माझं पत्र तुम्ही अर्धं कापलं होतं आणि वर 'रामबाग'चं 'रामनगर' केलं होतं. हेही कापायचं असेल तर बाकी काय ते कापा, पुढचं तेवढं राहू द्या. चॉकलेटी पुठ्ठ्याची, लांबट, हिशोबाच्या वहीसारखी वही आहे, पहिल्या पानावर 'मनावर' आणि खाली लाल शाईची रेघ. रद्दीवाल्याकडे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, कोणाच्या माळ्यावर, कुठेही दिसली तर पेपरच्या ऑफिसात कळवा, माझा पत्ता त्यांच्याकडे आहे. पानं फाटलेली असली तरी चालतील. शाळेत अजून बरेच दगड रंगाखाली आहेत आणि त्यांच्यावरचे नंबर मी पुसलेले नाहीत.

— एक जुनी वाचक, रामबाग, इंदूर