पहिल्या क्रमांकाची कॅडेट आणि आमच्या मुली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमळनेर परिसरात पहाटे फिरायला निघाले की पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली हमखास भेटतात, आणि त्यांतल्या काही मी शिकवते त्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या असतात. लष्करात अधिकारी होण्याचा विचार केला का, असे विचारले की त्या गप्प होतात. ते दार आपल्यासाठी उघडे आहे हेच त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून लष्करातल्या पहिल्या महिला अधिकाऱ्यांपैकी एक, मेजर प्रिया झिंगन यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

१९९२ पर्यंत भारतीय लष्करात स्त्रियांना डॉक्टर किंवा परिचारिका म्हणूनच स्थान होते. सिमल्याच्या एका पोलीस अधिकाऱ्याची मुलगी असलेल्या आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या झिंगन यांनी स्त्रियांनाही लष्करात घ्यावे, असे पत्र थेट लष्करप्रमुख जनरल सुनीथ रॉड्रिग्ज यांना लिहिले, आणि त्यांचे अनुकूल उत्तरही आले. पुढे चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत दाखल झालेल्या २५ मुलींच्या पहिल्या तुकडीत त्यांचा नोंदणी क्रमांक पहिला होता. ६ मार्च १९९३ रोजी त्या अधिकारी झाल्या. त्यांनी पायदळ मागितले होते. ते नाकारले जाऊन त्यांना विधी विभाग मिळाला.

सुमारे दहा वर्षांनी त्या मेजर पदावरून निवृत्त झाल्या. एवढ्या लवकर का, असे विद्यार्थिनी विचारतात. त्या काळी स्त्रियांना अल्पमुदतीचेच कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) मिळत असे. कर्तबगारी कितीही असो, सेवेची वर्षे आधीच मोजून ठेवलेली असत. त्यांच्याच विधी विभागात स्त्रियांसाठी स्थायी कमिशनचा निर्णय २००८ मध्ये झाला, आणि इतर अनेक शाखांसाठी सर्वोच्च न्यायालयाला १७ फेब्रुवारी २०२० रोजी निकाल द्यावा लागला. ज्यांनी वाट पाडली त्यांना तिचा लाभ मिळाला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

२०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही (एनडीए) मुली आहेत. लष्कराच्या शाखेसाठी कोणत्याही विद्याशाखेची बारावी चालते, मात्र प्रवेश परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका असते. मुलींना परीक्षाशुल्क नाही. हे दहावीनंतर लगेच कळले, तरच तयारीला दोन वर्षे मिळतात. या परीक्षेची जाहिरात वर्षातून दोनदा निघते. पोलीस भरतीच्या बातमीला मिळते तेवढीच ठळक जागा आपण तिला खान्देशच्या पानावर द्यावी, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, अमळनेर