अचानक बंद पडणारा संगणक आणि ‘फॉरमॅट मारा’ची घाई

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुटे भाग घेऊन जोडलेला, म्हणजे बोलीभाषेतला ‘असेम्बल’ संगणक मधूनच बंद पडू लागला, आपोआप रीस्टार्ट होऊ लागला किंवा निळा पडदा (विंडोज गंभीर चुकीमुळे थांबल्याचा संदेश) दाखवू लागला, की सगळीकडे एकच उपाय सांगितला जातो : ‘फॉरमॅट मारून घ्या.’ फॉरमॅट होतो, जुने फोटो आणि हिशेबाच्या फाइल्स जातात, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. हे थांबावे, एवढ्यासाठी हे पत्र.

वेळीअवेळी होणाऱ्या अशा बिघाडाचे मूळ अनेकदा रॅम (संगणकाची तात्पुरती स्मृती), वीजपुरवठा किंवा प्रोसेसर यांपैकी एकात असते. विंडोज नव्याने टाकल्याने यातले काहीच बदलत नाही. उलट रॅम सदोष असेल तर नव्या विंडोजच्या फाइल्सही चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात. शिवाय बिघाडाची नोंद ज्या लॉगमध्ये साठलेली असते, तो लॉगच फॉरमॅटमध्ये पुसला जातो. पुरावा नष्ट करून तपास सुरू करण्यासारखेच हे आहे.

म्हणून आधी लॉग वाचावा. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. त्यात तारीखवार लाल फुल्या दिसतात आणि बिघाड नेमका कधीपासून सुरू झाला ते कळते : नवी रॅम बसवली त्या दिवसापासून, की ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) बदलला त्या दिवसापासून? त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधील ‘सिस्टम’ हा विभाग पाहावा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद हमखास सापडते आणि ती पाहून अनेक जण थेट एसएमपीएस (संगणकाला वीज देणारा डबा) बदलतात. ही मोठी गफलत आहे. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. खरे कारण त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये, ‘बगचेक कोड’ (निळ्या पडद्यामागच्या चुकीचा क्रमांक) यापुढच्या आकड्यात शोधावे. तिथे ० असेल तर विंडोजला निळा पडदा नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज एकदम तुटली, हार्डवेअरने स्वतःला रीसेट केले किंवा संगणक गोठला म्हणून कोणीतरी बटण दाबून धरले. दुसरा आकडा असेल तर तो दशमान पद्धतीतला असतो, निळ्या पडद्याच्या कोडचे तक्ते मात्र षोडशमान (हेक्साडेसिमल, म्हणजे १६ च्या पटीतल्या) पद्धतीत दिलेले असतात. त्यामुळे लॉगमधला २९२ म्हणजे तक्त्यातला १२४ (प्रोसेसर किंवा इतर हार्डवेअरने कळवलेली चूक) आणि २७८ म्हणजे ११६ (ग्राफिक्स कार्डाने प्रतिसाद देणे थांबवले). २६ हा आकडा रॅमकडे बोट दाखवतो, तर १२२ माहिती साठवणाऱ्या एसएसडीकडे किंवा तिच्या केबलकडे. एकाच आठवड्यात चार वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले कोड आले तर पहिला संशय रॅमवरच घ्यावा. एक ड्रायव्हर बिघडला तर तो सहसा एकाच ठराविक तऱ्हेने बिघडतो, रॅममधली चूक मात्र कुठेही उमटते.

याच विभागात ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) नावाची नोंद आहे का, तेही पाहावे. १८ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरची गंभीर चूक, १९ म्हणजे वेळीच दुरुस्त झालेली चूक. त्यात ‘एपीआयसी आयडी’, म्हणजे प्रोसेसरच्या कोणत्या कोअरने (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाने) चूक कळवली ते सांगणारा क्रमांक, दिलेला असतो. दरवेळी तोच आयडी येत असेल, तर प्रोसेसरचा एखादा कोअर कमकुवत झाला असण्याची शक्यता बरीच आहे.

आता रॅम. खोक्यावर ‘६०००’ किंवा ‘३२००’ असा वेग छापलेला असतो, पण तो बहुधा आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो हे वेगाचे तयार प्रोफाइल चालू केल्यावर मिळतो आणि तांत्रिक अर्थाने ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणेच, असते. प्रोफाइल बंद केल्यावर डीडीआर-५ रॅम साधारण ४८०० वर चालते. म्हणून पहिली पायरी फुकटची आहे : बायोस मूळ सेटिंगवर आणावे, प्रोफाइल बंद ठेवावे आणि नेहमीचे काम करत राहावे. बिघाड थांबला तर विंडोज निर्दोष ठरले. मग वेग ६००० ऐवजी ५६०० ठेवून किंवा बायोसची नवी आवृत्ती टाकून पाहावे. डीडीआर-५ मध्ये सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगला (रॅमशी जुळवून घेण्याला) काही मिनिटे लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. घाबरून वीज बंद करू नये.

नंतर मेमटेस्ट-८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन, त्यावरून संगणक सुरू करून पूर्ण ४ फेऱ्या चालवाव्यात. ३२ जीबी रॅमला यात काही तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवावे. एकही चूक चालत नाही. ‘एक-दोन एरर येतातच’ असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये. चूक आली तर एकच पट्टी ठेवून तपासावे, मग दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड, सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा जास्तच आवळलेला कूलर. हा शेवटचा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कूलरचे स्क्रू तिरके किंवा असमान आवळले गेले तर सॉकेटमधला संपर्क एका कडेला सुटतो आणि रॅमचा एखादा चॅनेल (प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) दिसेनासा होतो. कूलर काढून, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावून, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळले की तो परत येतो.

दोनच पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र करणे टाळावे, छापील वेग सारखा असला तरी. ‘दोन आहेतच, आणखी दोन टाकू’ हा विचार तर एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील प्रोसेसरवर फारच महागात पडतो. दोन पट्ट्यांना एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. आणि रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने घासण्याची आपल्याकडची सवय सोडावी. सोन्याचा तो थर अत्यंत पातळ असतो आणि खोडरबराचे कण स्लॉटमध्ये अडकतात. पट्टी काढून नीट परत बसवल्यानेच बहुधा काम होते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत पाय काळवंडले असतील, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरेसे आहे.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांनी पुढचा मजकूर अवश्य वाचावा. यातील ६५ वॉट आणि त्यावरील आय-९, आय-७ आणि १३६००के, १४६००के यांसारख्या काही आय-५ प्रोसेसरमध्ये, व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त मागितले गेल्याने आणि उष्णतेमुळे कोअरमधील क्लॉकच्या मंडलाची अकाली झीज होते. इंटेलने २०२४ मध्ये हे मान्य केले. ऑगस्टमध्ये ‘१२९’ आणि सप्टेंबरमध्ये ‘१२बी’ हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आले. ते मदरबोर्डच्या नव्या बायोसमधून मिळतात. याचे एक फसवे लक्षण असे की मोठे खेळ सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येतो आणि माणूस विनाकारण ग्राफिक्स कार्ड बदलतो. मोठ्या झिप फाइल्स उघडताना मधेच चूक येणे हेही तसेच लक्षण. नवे बायोस पुढची झीज टाळते, पण झालेली भरून काढत नाही. त्यामुळे बायोस बदलूनही त्रास राहिला तर प्रोसेसर हमीत बदलून घ्यावा. खोक्यातून विकलेल्या या प्रोसेसरची ३ वर्षांची हमी इंटेलने आणखी २ वर्षांनी वाढवली आहे. ही गोष्ट दुकानात आपणहून सांगितली जाईलच असे नाही, म्हणून बिल आणि खोके दोन्ही जपून ठेवावीत.

रायझेनमध्ये याच्या उलट प्रकार दिसू शकतो : खेळताना काही होत नाही, पण संगणक नुसता चालू ठेवला की रीस्टार्ट होतो. बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगने प्रोसेसरचे व्होल्टेज जास्तच कमी केले असेल तर आधी ते शून्यावर आणावे. तरी थांबले नाही, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ निवडावे.

विजेबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या घरांत ती संगणकाइतकीच दोषी असते. चाचणी अशी. फक्त प्रोसेसरवर ताण देणारा प्रोग्रॅम अर्धा तास चालवावा, मग फक्त ग्राफिक्स कार्डावर ताण देणारा, आणि शेवटी दोन्ही एकदम. वेगवेगळे ताण झेलणारा संगणक दोन्ही एकत्र देताच बंद पडला, तर एसएमपीएस किंवा त्यामागचा पुरवठा कमी पडतो आहे. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. मात्र आकडा ठीक आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. ग्राफिक्स कार्ड क्षणभर सरासरीच्या दुप्पट-तिप्पटही वीज ओढू शकते आणि मल्टिमीटरला तो क्षण दिसतच नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी परीक्षा. तसे करताना जुन्या मॉड्युलर (सुट्या करता येणाऱ्या) केबल्स नव्याला जोडू नयेत. टोक बसते, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी, हार्ड डिस्क जळतात. ग्राफिक्स कार्डाला दोन ८-पिन जोडण्या असतील तर एकाच केबलची दोन टोके न वापरता दोन स्वतंत्र केबल्स द्याव्यात.

घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉटच देतो. आय-७ ताणाखाली २५३ वॉटपर्यंत घेऊ शकतो, त्यात २०० वॉटचे ग्राफिक्स कार्ड मिळवले तर हिशेब तिथेच चुकला. वीज जाताच असा यूपीएस चीं करून बसतो आणि दोष ‘पीसी’ला लागतो. इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा तर त्याची कळ ‘यूपीएस’ मोडवर हवी आणि शक्यतो तो शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) असावा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असलेले बरे.

उष्णतेला लोक उगाच जास्त घाबरतात. आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात, लगेच बंद पडत नाहीत. रायझेन ७००० मधील कित्येक तर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच घडवलेले आहेत. धूळ काढावी, पण ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

कोणताही बदल एका वेळी एकच करावा आणि वाट पाहावी. बिघाड साधारण दोन दिवसांतून एकदा होत असेल, तर सहा दिवस बिनबिघाड गेल्याशिवाय ‘सुटलो’ म्हणू नये. एक दिवस नीट चालला याने काहीच सिद्ध होत नाही.

संगणक जोडून देणाऱ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या सर्व दुकानदारांना आमची विनंती आहे. ज्या वेगाने रॅम विकली त्याच वेगावर मेमटेस्टच्या ४ फेऱ्या चालवून निकालाचा फोटो ग्राहकाला द्यावा, बायोसची आवृत्ती आणि प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक बिलावर लिहावा. फार तर एक रात्र जाईल. ग्राहकांनीही पैसे देण्यापूर्वी हे मागावे, आणि दुरुस्तीला आलेल्या संगणकावर फॉरमॅटचा सल्ला मिळाला तर आधी विचारावे : लॉगमध्ये बगचेक कोड किती आला होता?

आपले विश्वासू,
संगणक जोडणी व दुरुस्तीच्या व्यवसायातील दोन वाचक, पुणे